मालकमचे साधे प्रश्न

प्रिय मालकम,

यंदा विनिपेगला थंडी लवकर आली आणि दुकानाचा फोन थांबेना. तारास म्हणतो, "बाबा, तुम्ही आता लोकांच्या तळघरात उतरू नका, पोरं बघतील." मी उतरतोच. घर तापवायच्या भट्टीला कान लावला की दुखणं कुठे आहे ते मला अजूनही कळतं.

खरं सांगू? दोन महिने मला तुझा संशय येत होता. डोनटच्या दुकानात बसलो की तू सहज विचारायचास, "भट्टीवाल्या, आज वार कोणता रे?" कधी महिना, कधी "आपला महापौर कोण सध्या?" मी मनात म्हटलं, वा रे वा! म्हाताऱ्यांच्या मनाचा एवढा मोठा डॉक्टर, तीस वर्षं विद्यापीठात हेच प्रश्न विचारायला शिकवतोय, आणि आता माझ्यावरच तेच चालवतोय! तारासनेच तुला गाठलं असणार. माझं डोकं ठिकाणावर नाही अशी तुझी सही झाली की दुकान त्याचं, गाडीच्या किल्ल्याही त्याच्याच. तुझ्या सहीने कितीजणांची घरं सुटली ते मी ऐकून आहे. मग मी रोज वार, तारीख घोकून यायला लागलो. तू "शाब्बास!" म्हणायचास आणि माझं डोकं फिरायचं.

गुरुवारी मी सापळा लावला. तू वार विचारलास, मी सरळ तोंडाने "मंगळवार" म्हणालो. वाटलं, आता तुझ्या भुवया वर जातील आणि मी ओरडेन, "डॉक्टरा, सापडलास!" तू म्हणालास, "मंगळवार? मग आज वर्ग नाही. बस की, अजून एक कॉफी घेऊ."

मी कप खाली ठेवला. मग मागचे सगळे प्रश्न मला पुन्हा ऐकू आले. परीक्षा घेणाऱ्याचा आवाज तसा नसतो, मालकम. वाट चुकलेला माणूस विचारतो तसं तू विचारत होतास. "गंमत केली रे, गुरुवार आहे, तुझा वर्ग आहे," म्हणत मी तुला गाडीत घातलं. वाटभर तू हसत होतास, "तुझ्यासारख्या खोटारड्याला दाखल करायला हवं!" आणि विद्यापीठाच्या आवारात उतरताना हळूच विचारलंस, "कुठली इमारत?"

सोमवारी दुपारी तू रुग्ण तपासायला बसशील. समोर कुणीतरी म्हातारी असेल, आपल्याच घरात राहू द्या म्हणणारी. त्याआधी तू स्वतःला तपासून घ्यायला डॉक्टर ओडेटकडे यायचंस. तुझीच विद्यार्थिनी ती. सकाळची वेळ मी घेतली आहे, कुणासाठी ते सांगितलेलं नाही. फोनवर तू विनोद करून निसटला असतास, म्हणून हे पत्र. नाही म्हणालास तर मी स्वतः तुझ्या विभागप्रमुखाकडे जाईन. मग जन्मभर माझ्याशी बोलू नकोस, ते मी सोसेन. सोमवारी साडेसातला बेल वाजवतो. दार तू उघड, हेलनवहिनीला पाठवू नकोस.

तुझाच, काही झालं तरी,
ओरेस्ट