बांगड्यांच्या आदल्या दिवशी

कुंभकोणम्
सोमवार, १४ जुलै २०२५

चि. सौ. नित्येस आईचे अनेक आशीर्वाद.

घरी सगळं ठीक आहे. डब्यात मऊ वरणभात आहे, लसूण जास्त घातलाय, दुधाला बरा. खालच्या वाटीत केळफुलाची भाजी. जावई बुधवारी पोचतात. आधी जेव, मग पुढचं वाच.

काल इस्पितळात काचेबाहेरून बघत होते. बाळ खोकायला लागलं ते थांबेचना, ओठ निळे पडले, नर्सनं उचलून पाठ चोळली. तू तोंडावर पदर धरून उभी. सदतीस दिवसांचं लेकरू ते. गल्लीतल्या किती बायकांची बाळंतपणं मी काढली, आणि तिथे माझा पैशाचा उपयोग नाही.

बाहेर आल्यावर डॉ. वैद्यनाथांना पुसलं, एवढ्याशा जिवाला डांग्या खोकला झालाच कसा? ते बिचारे बसून समजावत होते. हे जंतू श्वासनळीतल्या बारीक केसांना चिकटतात आणि तिथेच ठाण मांडतात. आईला सातव्या महिन्यात लस मिळाली, तर तिच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात, त्या नाळेतून बाळाकडे जातात. जंतू ज्या अंगानं चिकटतो तिथेच त्या जाऊन बसतात, मग त्याला धरायला काही उरत नाही. मी म्हटलं, फणस कापायच्या आधी चीक चिकटू नये म्हणून हाताला तेल लावतो, तसं. ते म्हणाले, जवळजवळ तसंच अम्मा, पण आधी लावायचं. आता औषधानं जंतू मरतील, खोकला मात्र आठवडेच्या आठवडे राहील. बाळ तेवढं तग धरेल का, ते त्यांनी सांगितलं नाही.

माझं रक्त घ्या म्हटलं. ते नुसते हसले. वरातीमागून घोडं.

तू डॉक्टरांना सांगितलंस की घरोघरी लस द्यायला येणारी नर्स सरोजा लस घेऊन आलीच नाही. ते ऐकून तिला कामावरून थांबवलंय. आज सकाळी ती चोळपुरमहून आली, दाराबाहेर तिण्णैच्या ओट्यावर बसली. “अम्मा, मी आले होते. तुम्ही तरी डॉक्टरांना सांगा.” मी तिला ताक दिलं. ती पिऊन गेली.

नित्या, ती आली होती.

तुझ्या वळैकाप्पूच्या, गर्भारपणाच्या बांगड्या भरायच्या आदल्या दिवशी, दुपारी, बर्फाच्या डब्यात लस घेऊन. तू आत झोपली होतीस. मनात आलं, दंड सुजेल, ताप चढेल, उद्या सवाशिणी बांगड्या भरायला बसतील तेव्हा ही कण्हत बसेल, आणि लोक नावं ठेवतील. मी सांगितलं, नित्या तिरुवलंचुळीला देवाला गेलीय. पुढे बांगड्या भरलेल्या गर्भारशीनं नदी ओलांडू नये म्हणून तुला पलीकडच्या दवाखान्यात पाठवलं नाही. सरोजाचा फोन आला तेव्हा म्हटलं, दुसरीकडे घेतली. तू पुसलंस तेव्हा म्हटलं, येईल ती.

त्या दिवशी तुझे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे-तांबडे भरले होते. किती सुंदर दिसत होतीस. ते बघून मला वाटलं, बरं केलं मी.

तेल लावायचा हात मीच धरून ठेवला, पोरी. आता चीक निघत नाही.

असंच एक पत्र डॉक्टरांना लिहिलंय, सरोजासाठी. ते डबा द्यायला येईन तेव्हा देईन. तुझ्यासमोर बोलायचं धैर्य झालं नाही, म्हणून हे डब्याखाली ठेवतेय. तू आत येऊ नकोस म्हणालीस, तर मी येणार नाही. डबा दोन्ही वेळ दाराशी ठेवीन. रिकामा परत आला, तर बाळाला दूध मिळतंय एवढं मला कळेल.

तुला न पुसता तुझ्या वतीनं नको म्हणणारी,
तुझी आई,
गोमती