कतीफच्या हॉटेलातला भात

अब्बा,

काल आम्ही दोघं थुवालच्या बंदरावर मासे खायला गेलो होतो. इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी नोकरीला लागले ते तुम्ही गेल्यानंतर, त्यामुळे हे गाव तुम्हाला ठाऊक नसणार. हल्ली हॉटेलच्या मेन्यूवर गव्हाच्या ओंबीचं बारीक चित्र असतं आणि त्यावर काट मारलेली असते. तशी खूण असलेला पदार्थ मागवायचा, खलास. केरळच्या वेटरनं अगदी अदबीनं विचारलं, "मॅडम, आजार की डाएट?" मी म्हटलं, आजार, आणि तोही जुना. एवढं होऊनही मी सवयीनं उठले आणि मागं भटारखान्यात गेले. कढईत आधी काय तळलं होतं, माशाला मैदा लावता की तांदळाचं पीठ, सगळं विचारून आले. नवरा म्हणाला, "अगं, खूण आहे ना तिथं, मग कशाला?" त्याचं बरोबरच होतं. पण नुसत्या खुणेवर भरवसा ठेवणारी मुलगी तुम्ही वाढवली नाहीत, त्याला मी तरी काय करू?

दम्मामच्या इस्पितळात त्या सुदानी डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला पहिल्यांदा समजावून सांगितलं तो दिवस मला आठवतो. मी दहा वर्षांची, वजन एकोणीस किलो, हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढं पुढं आलेलं. तोंडातून नळी घालून त्यांनी आतड्याचा बारीक तुकडा काढला होता आणि माझा घसा अजून दुखत होता. बाई सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, या मुलीला औषध नाही, फक्त गहू आणि जव बंद, जन्मभर. तुम्ही वहीत लिहून घेतलंत आणि मग विचारलंत, "थोडासुद्धा नाही? सणासुदीला?" त्या म्हणाल्या, "सणासुदीलाही नाही." घरी आल्यावर अम्मीनं ऐकलं आणि हुश्श केलं. "एवढंच ना? आपण कोकणातली माणसं. तांदळाची भाकरी हाय, घावनं हायत. गहू कोणाला पायजे?" घरातला प्रश्न तिनं अर्ध्या मिनिटात सोडवला. प्रश्न उरला तो शुक्रवारचा.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की आपण तिघं गाडीत बसून कतीफला जेवायला जात असू. तुम्ही एसी आणि कोल्डस्टोरेज दुरुस्त करणारे फोरमन. त्या भागातल्या निम्म्या हॉटेलांचे डीप फ्रीझर तुमच्या हातून गेलेले, म्हणून आपण नेहमी मागच्या दारानं, भटारखान्यातून आत शिरायचो आणि सगळे तुम्हाला सलाम करायचे. मला त्याचा केवढा तोरा होता! आजार कळल्यावर अम्मी म्हणाली, आता हॉटेल बंद, घरीच काय ते करीन. तुम्ही ऐकलं नाहीत. "आजार पोराच्या पोटाला झालाय, शुक्रवाराला नाय झाला. हिला घरात बसवली तर हिला वाटंल, आपल्यात कायतरी कमी हाय," असं म्हणालात. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून एक कार्ड करून आणलंत, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं. त्यावर अरबी, उर्दू, मल्याळम आणि इंग्रजी अशा चार भाषांत लिहिलं होतं: खुब्ज म्हणजे अरबी पाव नाही, रोटी नाही, मैदा नाही, रवा नाही, बिस्किट नाही, जव नाही. ज्याला जी भाषा येते त्यानं ती वाचावी.

त्या कार्डाची मला भयंकर लाज वाटायची. हॉटेलात शिरलं की तुम्ही ते खिशातून काढणार, स्वयंपाक्यापुढं धरणार, बोट ठेवून एकेक ओळ वाचून घेणार, मग माझ्याकडे बोट दाखवणार, आणि सगळा भटारखाना माझ्याकडे बघणार. एकदा मी ते गाडीच्या सीटखाली लपवलं. तुम्ही अर्धा तास शोधलंत. सापडल्यावर ओरडला नाहीत, पण आवाज असा काढलात की ओरडणं परवडलं असतं. "लाज कसली गो? मी चोरी करतंय काय? चौकशी करतंय." पुढं कितीतरी वेळा, विमानात, लग्नात, ऑफिसच्या पार्टीत, माझ्या जिभेवर हेच वाक्य आलंय.

कतीफच्या आपल्या नेहमीच्या हॉटेलातला येमेनी स्वयंपाकी तुमचा दोस्त होता. त्यानं कार्ड एकदाच वाचलं आणि छातीला हात लावून "मिया मिया" म्हणाला, म्हणजे शंभर टक्के. माझ्यासाठी तो वेगळ्या पातेलीत भात शिजवायचा, वर कोंबडीचा तुकडा आणि भाजलेला टोमॅटो. दोन महिन्यांत माझं वजन दोन किलो वाढलं. काट्यावर उभी असताना तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता आणि तुमचा श्वास माझ्या कानाला लागत होता. डॉक्टरीणबाई हसल्या. तुम्ही त्यांना सलाम करता करता दोनदा वाकलात.

तोवर शेजारचं कुवेत शत्रूच्या हाती गेलं होतं. रस्त्यावर फौजेचे ट्रक, हॉटेलांत अमेरिकन सोल्जर, आणि आपल्या बिल्डिंगमधली बिऱ्हाडं एकेक करून गावी निघालेली. माझ्या वर्गातले बाक रिकामे व्हायला लागले. त्यातच सरकारा-सरकारांचं बिनसलं, येमेनी लोकांसाठी इकाम्याचे, म्हणजे राहण्याच्या परवान्याचे, नियम बदलले आणि त्या बिचाऱ्यांना गाशा गुंडाळावा लागला. तुमचा दोस्तही गेला. त्याच्या जागी इजिप्तचा एक जाडगेला, हसरा माणूस आला. तुम्ही त्यालाही कार्ड दाखवलंत. त्यानं मन लावून वाचलं आणि म्हणाला, खुब्ज नाही, मैदा नाही, फक्त भात, काळजी नको. आणि भात आला. पांढरा, मोकळा, तुपाच्या वासाचा, मधे मधे तपकिरी बारीक तुकडे. पडदा लावलेल्या त्या फॅमिली केबिनमध्ये उजेड असा कितीसा असणार? तुम्ही ताटलीत वाकून बघितलंत. "तळलेला कांदा हाय," म्हणालात. "चालतंय. जेव बाय, पोटभर जेव."

त्याच सुमाराला एकदा कतीफला जाताना, मी मागच्या सीटवर झोपलेय असं समजून तुमचं दोघांचं बोलणं झालं. तुम्ही म्हणालात, "आणखी दोन किलो वाढलं की डॉक्टरीण म्हणते, हितं असायची गरज नाय. मग तू हिला घेऊन गावी जा. लढाई लागली तर हितं काय होईल, कोण सांगतो?" अम्मीनं विचारलं, "आणि तुमी?" तुमचा पासपोर्ट कफीलकडं, म्हणजे कामावर ठेवणाऱ्या अरबाकडं, कंपनीनं फोरमन लोकांना सोडणार नाही म्हणून सांगितलेलं. "मी येईन मागनं," तुम्ही म्हणालात. "मागनं म्हणजे कवा?" पाऊस नव्हता, तरी वायपर लावलात. मी डोळे मिटून घेतले आणि दोन किलो म्हणजे किती याचा विचार करत राहिले.

ते दोन किलो काही वाढले नाहीत. उलट एक उतरला. पुन्हा पोट फुगलं, तोंड आलं, शाळेतून मला मधेच घरी आणायला लागले. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. कुठून तरी गहू जातोय, नीट बघा, म्हणाल्या. अम्मीनं स्वयंपाकघरातला डबा न् डबा उपसला, हळदीचं पाकीट बदललं, तवा घासून घासून काढला. तुम्ही शाळेत जाऊन माझ्या बाईंना भेटलात, मैत्रिणींच्या डब्यातलं खाते का विचारलंत. हॉटेलावर मात्र तुमचा संशय गेला नाही, कारण ते तुम्ही स्वतः तपासलेलं होतं. अशी पोर गावी कशी पाठवायची, तिथं तर या आजाराचं नावसुद्धा कोणाला माहीत नाही, म्हणून आपण राहिलो. लढाई लागली. विषारी वायूच्या भीतीनं तुम्ही डक्टची चंदेरी टेप आणून खिडक्यांच्या फटी अशा बंद केल्यात की घरात फोडणीचा धूर कोंडायचा. मास्क लावून बाथरूममध्ये तिघं बसायचो आणि तुम्ही मास्कच्या आतून मला पाढे विचारायचात. मला भीती वाटायची, पण तुम्ही नसताना गावी जेवढी वाटली असती तेवढी नाही.

लढाईच्या दिवसांत हॉटेलवाल्यानं बसून जेवायची सोय बंद केली. पार्सल तेवढं मिळायचं. एका शुक्रवारी तुम्ही ते घरी आणलंत, अम्मीनं माझा भात पांढऱ्या ताटलीत काढला आणि खिडकीपाशी नेला. भरदुपारचा उजेड होता. तिनं एक तपकिरी तुकडा चिमटीत धरला, दाबला, दाताखाली चावून बघितला. मग तुमच्याकडं वळून म्हणाली, "हा कांदा नाय वो. ह्या शेवया हायत." इजिप्तकडे शेवया तुपात लाल करून भात टाकतात, तिथं तो रोजचाच भात. त्या माणसाच्या लेखी तो भातच होता, आणि तुमच्या कार्डावर चार भाषा होत्या, शेवया नव्हत्या. तुम्ही भिंतीला पाठ टेकून खाली फरशीवर बसलात. दोन्ही हात डोक्याला लावलेत. "मीच," म्हणालात. "माझ्याच हातानं. दर जुम्म्याला." मी समोर उभी होते. तुम्ही मान वर करून माझ्याकडं बघितलंत आणि मी म्हणाले, "मलापण कांदाच वाटला, अब्बा." तुम्ही मला जवळ ओढलंत. "तू ल्हान हायस. तुला काय कळणार?"

तुम्ही त्या स्वयंपाक्यावर भडकला नाहीत, त्याला फक्त सांगितलंत. तो कपाळ बडवून रडायलाच लागला आणि पुढचे कितीतरी शुक्रवार माझ्यासाठी साधा भात वेगळा करून स्वतः गाडीपर्यंत आणून देत होता. लढाई संपली. कुवेतच्या विहिरींचा काळा धूर वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरत होता, आणि माझं वजन वाढत होतं. सगळ्यांसाठी गोष्ट तिथं संपली. तुमच्यासाठी संपली नाही. त्या रमजान ईदला अम्मीनं तुमच्यापुढं शेवयांच्या शीरखुर्म्याची वाटी ठेवली आणि तुम्ही ती सरकवलीत. पुढं जन्मभर सरकवलीत. पाहुण्यांना वाटायचं, डायबेटिस असेल. माझ्या लग्नात केटररच्या मागं उभं राहून तुम्ही प्रत्येक पातेल्यात डाव फिरवलात, आणि त्याच रात्रीच्या जेवणात माझ्या नवऱ्याला सांगितलंत, "हिला सांभाळ. मी हिला तीन महिने विष चारलेला बाप हाय." सगळे हसले. मी पण हसले.

अब्बा, मला माहीत होतं. पहिल्या घासालाच कळलं होतं. ईदच्या सकाळी शेवया तुपात परतायचं काम आपल्या घरी माझं असायचं; त्यांचा वास मला कळणार नाही तर कोणाला? अंधारात सुद्धा मी ओळखल्या असत्या. तुम्ही "कांदा हाय" म्हणालात आणि मी गप्प बसले. वजन वाढलं की आम्हाला गावी धाडणार आणि तुम्ही इथं एकटे राहणार, हे ऐकल्यावर तर मी दर शुक्रवारी ताटली चाटूनपुसून खाल्ली. पोटात मुरडा आला की बाथरूममध्ये नळ सोडून बसायची, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. डॉक्टरीणबाई पुन्हा नळी घालूया म्हणाल्या तेव्हा रात्रभर जागी राहिले, पण खरं सांगितलं नाही. तुमचा दोष कणभरही नव्हता. दोष होता तो माझा, आणि तो तुमच्या नावावर टाकून मी इतकी वर्षं निवांत जेवत राहिले. तुमच्या शेवटच्या आजारपणात चिपळूणच्या दवाखान्यात मी पेज भरवत होते, तेव्हाही तुम्ही विचारलंत, "बघितलंस ना त्यात काय हाय ते?" तेव्हा सांगायला हवं होतं. तुम्ही इतके थकलेले होतात, की तुम्हाला हलकं करायच्या नादात मीच रडत बसेन असं वाटलं, आणि पुढचा चमचा भरला. मला माफ करा.

हे पत्र अम्मीलाही दाखवणार नाही. तिची नजर आता अधू झाली आहे, पण हे ऐकलं तर या वयातही लाटणं घेऊन माझ्या मागं लागेल. घडी घालून माझ्याच कपाटात ठेवीन. आणि लिहायला बसलेच आहे तर उरलेलंही लिहून टाकते. मी तुमच्यासाठी आजारी राहिले, असं मी आजवर मनाशी म्हणत आले, आणि ते खोटं नाही. पण गाडीतलं तुमचं बोलणं मी ऐकलं ते तिसऱ्या शुक्रवारी. आधीचे दोन शुक्रवार मी तो भात खाल्ला, तो नुसता फार आवडला म्हणून.