टाकीला लावलेला कागद

भाग्यश्री,

माशांच्या टाकीला वर्तमानपत्र मीच चिकटवलंय, काढू नकोस. रॅम जातीच्या मादीने दगडावर पुन्हा अंडी घातलीत. मागे दोनदा तिने ती खाल्ली, कारण आपण सारखे काचेला नाक लावून होतो. दक्षिण अमेरिकेची मासोळी ती, सदाशिव पेठेतल्या देखरेखीची तिला सवय नाही. दुकानदार म्हणाला, अंडी काढून वेगळी वाढवा. म्हटलं, मग ती आई कधी होणार?

तुझ्या सासूबाई गेले तीन महिने तुला बाळाला आंघोळ घालू देत नाहीत, हे मला दिसतं. त्यांच्या नजरेपुढे कागद चिकटवता येत नाही, म्हणून नवऱ्याच्या हक्काने त्यांना खडकवासल्याला नेतोय. आज आंघोळ तूच घाल.

कशी झाली, हे कोणी विचारणार नाही. तसं वचन मी त्यांच्याकडून गाडीत घेतो. धरण येईपर्यंत मिळेल.

— बाबा