बाकड्याची गादी

३ फेब्रुवारी १९७४, रविवार
मेहुणी इंद्रायणी मारुंजीहून आली होती. २४ तारखेला कस्तुराला जाऊन वर्ष होईल. पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळे येतील. त्याच दिवशी कस्तुराचं शिलाई मशीन नेते म्हणाली. तिला ब्लाउजची कामं मिळतात आणि इथे मशीन नुसतं झाकून ठेवलंय. "दाजी, तुम्ही काय झबली शिवणार आहात?" असं विचारलं. मी ठाम नकार दिला. म्हणजे "बघू" म्हणालो.

संध्याकाळी
ठरलं. मशीन वापरात आहे हे दाखवायचं. दारातल्या बाकड्याला गादी शिवायची. बाकडं टोचतं असं कस्तुरा म्हणायची, पण त्याचा इथे संबंध नाही. प्रश्न मशीनच्या उपयोगाचा आहे.

५ फेब्रुवारी
फर्स्ट शिफ्ट. घरी येऊन बाकड्याचं ड्रॉइंग काढलं. खाकी कापड तंतोतंत त्या मापाने कापलं. कंपनीत मी इन्स्पेक्शनला आहे. मापात माझा कोणी हात धरणार नाही.

१० फेब्रुवारी
मशीनचं झाकण काढलं. बॉबिनवर निळा दोरा आहे. कस्तुराने भरलेला. थोडाच उरलाय. खाकीवर निळा जुळत नाही, एवढ्याच कारणासाठी बॉबिन काढून काड्यापेटीत ठेवली. काड्यापेटी कपाटात ठेवली. आकुर्डीहून दुसरी बॉबिन आणायची. झाकण परत घातलं.

१३ फेब्रुवारी
बॉबिन आणली नाही. ओव्हरटाइम होता. नव्हता, पण लागण्याची शक्यता होती.

१६ फेब्रुवारी
दाभणाने शिवायला घेतली. हाताचा टाका जास्त मजबूत असतो. मशीन शेजारी उघडून ठेवलं. म्हणजे वापर झाल्यासारखंच आहे.

१७ फेब्रुवारी
खोळ तयार. बाकड्यापेक्षा चार बोटं आखूड. शिलाईत कापड जातं हे ड्रॉइंगमध्ये दाखवलेलं नव्हतं. ड्रॉइंग मीच काढलं होतं. बाकडं जरा लांबच आहे.

१९ फेब्रुवारी
फोरमनना विचारून कंपनीतली मशीनं पुसायचं कॉटन वेस्ट, म्हणजे सुताचा गुंता, आणलं. सोड्याने धुतलं, वाळवलं, भरलं. वास आहे, पण चांगल्या तेलाचा आहे. शेजारचे रंगराव हुंगून म्हणाले, "भावा, ही गादी हाय का गिअरबॉक्स?" ते पेंट शॉपला आहेत. त्यांना वास कळत नाही.

२४ फेब्रुवारी, सकाळी
गादी घातली. इंद्रायणी बघेल आणि विषय संपेल.

संध्याकाळी
बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. माणसं बरीच आली. सगळे पांढऱ्या कपड्यांत. सासूबाई आणि शेजारच्या चिमाबाई उन्हाला बाकड्यावर बसल्या. उठल्या तेव्हा दोघींच्या साड्यांना मागे तेलाचे डाग. डाग गोल आणि एकसारखे. म्हणजे भराव समान बसला होता.

चिमाबाई म्हणाल्या, "अगं बाई, नवी साडी!" सासूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "असू द्या जावईबापू. तुमचे कपडे धुऊन धुऊन कस्तुराच्या पदरालाबी असाच वास यायचा." मी आत पाणी आणायला गेलो. पाणी कोणी मागितलं नव्हतं.

इंद्रायणीने गादी उलटी करून टाके पाहिले. "दाजी, हे तर दाभणाचं काम. मशीनला तुम्ही हातसुद्धा लावला नाही." तिचं इन्स्पेक्शन बरोबर होतं. मी मशीनवर झाकण घातलं.

टेम्पो आला. रस्त्यात मशीनला धक्के बसतील, खाली काहीतरी द्या म्हणाली. मी गादी दिली. मशीन तिच्यावर बरोबर बसलं, कुठे हललं नाही. माप चुकलेलं नव्हतं.

बॉबिन द्यायची राहून गेली. काड्यापेटीतच आहे. येत्या रविवारी मारुंजीला नेऊन देईन. रविवारी ओव्हरटाइम लागण्याची शक्यता आहे.

हे बाकड्यावर बसून लिहितोय. टोचतं.