झांबियात पाळलेलं सुतक

बाबा, तुमच्या नावाने मला झापायचं काम या घरात सगळ्यांनी वाटून घेतलंय, म्हणून म्हटलं, मधली माणसं जाऊ देत, तुम्हालाच सांगावं. आई सकाळी डबा भरता भरता म्हणते, "ते असते तर हा दिवस बघावा लागला नसता." पुण्याहून काका व्हिडिओ कॉलवर येतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि म्हणतो, "तुझ्या बाबाला काय वाटलं असतं, याचा विचार केलास का कधी?" परवा तर तुमच्या बँकेतले जुने सहकारी मी काम करतो त्या तांजोंग पगारच्या कॅफेत आले. मला एप्रनमध्ये बघून दचकले आणि कॉफीचा कप उचलता उचलता म्हणाले, "अरे, तुझे बाबा किती शिस्तीचे होते!" तुम्ही गेलात तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, आता तेवीसचा आहे. तुम्हाला काय वाटलं असतं हे या सगळ्यांना बरोब्बर कळतं, आणि मलाच तेवढं कळत नाही? कॉलेजने माझी जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली आहे. तोवर परत येण्याचा अर्ज दिला तर ठीक, नाहीतर तिसऱ्या वर्षातच माझं नाव कटणार. घरात दिवसरात्र हा एकच विषय आहे. तेव्हा काय झालं ते नीट ऐका, आणि मग काय वाटायचं ते वाटू दे.

आम्हाला एका सेमिस्टरसाठी झांबियाला पाठवलं होतं. विषय पर्यावरण. तिथल्या विद्यापीठात वर्ग, आणि शेवटी जंगलात पायी सफारी. जीप नाही, काही नाही. पुढे बंदूकवाला, त्याच्यामागे वाटाड्या, त्याच्यामागे आम्ही एका रांगेत, आणि सगळ्यात मागे आमचे इथले प्रोफेसर. बोलायचं नाही, रांग मोडायची नाही. इथली सक्तीची आर्मीची दोन वर्षं काढलेल्या माणसाला त्या चालण्याचं काय! मला तर ती रांग फार आवडली, कारण माझ्यापुढे ती चालायची. ती म्हणजे जुरोंग ईस्टच्या काँडोत राहणारी, मंडळाच्या गणपतीत लहानपणी मला नाटकात धक्का देऊन स्टेजवरून पाडणारी. तुम्ही तिला पाहिलंय, पण तेव्हा तिला पुढचे दात नव्हते. चार दिवस मी हत्ती किती पाहिले ते विचारू नका, तिच्या मानेवरचा तीळ मात्र पाठ आहे. तिची पाठीवरची बॅग गडद निळी होती. तिथल्या त्सेत्से माश्यांना निळा रंग फार प्रिय, एकेक डंख असा की जीन्समधून आत जातो. दुसऱ्या दिवशी मी ती बॅग स्वतःच्या पाठीवर घेतली. संध्याकाळी माझी मान सुजून डोक्याएवढी झाली आणि ती मलम लावता लावता हसत होती, "वेडा आहेस तू. सीरियसली." बाबा, मी त्या वाक्यावर दोन दिवस जगलो.

शेवटच्या दिवशी गाव होतं. कार्यक्रमात लिहिलेलं: स्वागत, ढोल, नाच, एका घरी जेवण. आम्ही पोचलो तर ढोल नाही, नाच नाही. एका अंगणात चटयांवर बायका बसलेल्या, पुरुष पलीकडे झाडाखाली, आणि इतकी माणसं असूनही कोणाचा आवाज चढत नव्हता. मला कोणी सांगायची गरज पडली नाही. असं अंगण ओळखता येतं. गावच्या मुखियाने वाटाड्याला सांगितलं, आदल्या दिवशी त्या घरचा कर्ता माणूस गेला, आज नाच नाही, पण पाहुणे आलेत तर घरी येऊन बसावं. मी प्रोफेसरांना म्हटलं, "सर, आपण परत जाऊ." ते कुजबुजले, "ही संधी पैसे देऊन मिळत नाही, रिलॅक्स लाह." आम्हाला फोटो काढू नका म्हणाले, आणि बायकांनी रडत गाणं धरलं तेव्हा स्वतःचा फोन मांडीवर उलटा ठेवून ते रेकॉर्ड करत बसले. मी पाहिलं ते. संशोधन म्हणे! त्या बाईचा नवरा गेलाय आणि हे तिच्या रडण्याची ऑडिओ फाइल करतायत!

आणि मग ती बाई, जिचा नवरा गेला तीच, उठून ताटं घेऊन आली. मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली पालेभाजी. वास थेट आपल्या स्वयंपाकघरातला. माझ्यापुढे ताट धरून ती उभी राहिली. आणि त्या क्षणी, बाबा, तुम्ही आलात.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. तुमच्या ऑफिसातल्या कोणाचे वडील गेले म्हणून तुम्ही मला घेऊन निघालात. तुम्ही नेहमीप्रमाणे चार पावलं पुढे, मी मागे धावतोय. एमआरटीच्या गाडीत तुम्ही मला समजावताय: तिथे खायचं नाही, पाणीसुद्धा मागायचं नाही, बसायचं, आणि उठताना काही बोलायचं नाही. मला तहान लागलेली. त्या घरच्या कोणीतरी सवयीने पाण्याचा ग्लास पुढे केला, मी हात लांबवला, तुम्ही नुसतं बघितलंत. हात मागे. निघताना मी तोंडातून गेलं म्हणून "येतो काकू" म्हटलं, आणि लिफ्टचं दार बंद होताच तुम्ही दंडाला धरलंत. "अशा घरातून निघताना येतो म्हणतात? पुन्हा यायचं निमित्त आहे का ते?" घरी आल्यावर आईने दारातच सांगितलं, आधी आंघोळ. मी रडत आंघोळ केली. तुम्ही बाहेरून म्हणालात, "रडण्यासारखं काही नाही. एकदा कळलं की आयुष्यभर लक्षात राहतं."

राहिलं की! झांबियातल्या अंगणातसुद्धा राहिलं. मी हात जोडले, मान हलवली, ताट घेतलं नाही. ती बाई तशीच उभी. तिने पुन्हा पुढे केलं. मी शेजारी बसलेल्या हिच्या मनगटाला धरून म्हटलं, "खाऊ नकोस, सुतक आहे." हिने हात सोडवून घेतला. मग मी उठलो आणि कोणाशी एक शब्द न बोलता चालत गाडीपर्यंत गेलो. मला वाटत होतं, एवढ्या सगळ्यांत या घरचा मान राखणारा मी एकटाच. गाडीत बसून मी प्रोफेसरांना काय काय सुनवायचं ते ठरवत होतो. खिडकीतून मला ती दिसत होती. ती त्या बाईला चिकटून बसलेली, हाताने कालवून जेवत होती.

कँपवर तिने मला गाठलं. "हिरो समजतोस का रे स्वतःला?"

"आपल्यात खात नाहीत अशा घरी."

"आपल्यात? आपण कुठे होतो? ती बाई ताट घेऊन उभी होती तुझ्यासाठी! वाटाड्याने काय सांगितलं माहितीये? मयताच्या घरी जो जेवत नाही आणि न सांगता उठतो, त्याच्या मनात त्या घराबद्दल काहीतरी वाईट आहे असं समजतात. तिने त्याला विचारलं, त्या मुलाला माझ्या नवऱ्याने काय केलं होतं?"

"मला काय माहीत?"

"मग विचारायचं ना! तोंड आहे ना? सगळीकडे तुला आधीच माहीत असतं. यू नेव्हर आस्क, यू ओन्ली वॉक ऑफ."

मी प्रोफेसरांच्या फोनचं सांगायला लागलो. ती म्हणाली, "त्यांचं चुकलंच. त्याने तुझं बरोबर होतं का?" आणि ती तंबूत गेली. परतीच्या विमानात तिने जागा बदलून घेतली.

आता मला सांगा बाबा, तुम्ही हे मला असं का शिकवलंत, की जणू जगभर एकच रीत चालते? "आपल्यात असं करतात" एवढे दोन शब्द जास्त बोलला असता तर काय बिघडलं असतं? आणि ती रीत तरी तुम्हाला ठाऊक होती का, म्हणजे आतून? तुम्ही गेलात तेव्हा यिशुनच्या आपल्या फ्लॅटच्या या हॉलमध्ये माणसं येऊन बसली. मी दाराशी उभा. कोणी पाणी घेत नव्हतं. एकेक जण उठायचा, चपला घालायचा, आणि माझ्याकडे न बघता लिफ्टकडे. इतकी माणसं गेली आणि एकानेही, एकानेही "येतो रे" म्हटलं नाही. ते सगळे तुमच्यासारखेच शिस्तीचे होते. मला माहीत होतं का म्हणत नाहीत, तुम्हीच शिकवलं होतंत. तरी मला वाटत होतं, कोणीतरी म्हणावं. खालच्या मजल्यावरची चिनी आंटी तेवढी भाताचा डबा घेऊन आली, माझ्यासमोर बसली आणि मी घास घेईपर्यंत हलली नाही. काकाने नंतर तो डबा बाजूला ठेवायला लावला. तो राग मी इतकी वर्षं बाळगला आणि एका परक्या बाईच्या दारात मीही तेच करून आलो. तुमच्यामुळे. हो, तुमच्यामुळेच म्हणणार मी.

इकडे आल्यावर प्रोफेसरांनी मला त्या विषयात नापास केलं. कारण, यजमान गावाचा अनादर. विभागाला माफीपत्र लिहून द्या, मग बघू. विभागाला! विभागाच्या घरी कोण गेलं होतं? मी त्यांच्या केबिनमध्ये उभं राहून म्हटलं, त्या बाईपुढे नाक घासतो, तिकीट काढून जातो, पण रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाला माफी लिहून देणार नाही. ते म्हणाले, "मग तुमची मर्जी." मी दार आपटून बाहेर आलो आणि परत गेलो नाही. हे आईला सांगून झालं, काकाला सांगून झालं. दोघं म्हणाले, तत्त्वाचं एवढं कौतुक असेल तर डिग्री घेऊन कर.

पण खरं सांगू? विभागाने नंतर ती माफीची अट काढून टाकली. दुसरा विषय घे, गप पुढे जा, असं कळवलं. घरात हे कोणाला माहीत नाही. मी तरीही गेलो नाही, कारण या सेमिस्टरला तिचे आणि माझे सगळे वर्ग एकत्र आहेत. दार आपटायच्या आधी आठवडाभर वर्गात बसलो, तेव्हा ती दोन रांगा पुढे बसायची आणि मागे वळून बघायची नाही. दार आपटलं ते प्रोफेसरांच्या नावाने, आणि कॉलेज सोडलं ते तिच्या पाठीकडे बघत बसवेना म्हणून. तिला मी अजून सॉरीसुद्धा म्हटलेलं नाही. एवढं तुमच्याजवळ ठेवा.

हे लिहून झालं की पुसून टाकणार आहे. मला लॅपटॉपशी इतका वेळ बसलेलं बघून आईने टीव्ही बंद केलाय. कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नाहीये, गॅसपाशी उभी आहे. आत्ता हळूच डोकावून विचारून गेली, "झाला का रे अर्ज लिहून?"

मी म्हटलं, "होत आलाय."