पावणेदोन तास

बाबा, काल दादाची मुलगी नागपूरहून विमानाने आली. आमच्याच शहरात, महादेवपुऱ्यात नोकरी लागली आहे तिला. दारात बॅग टेकवून म्हणाली, "आत्या, आधी पाणी दे. आकाशात पावणेदोन तास लागले आणि एअरपोर्टहून बनशंकरीला यायला दोन!" तांब्या उचलून गटागटा प्यायली. मी बघत राहिले आणि तुमच्यावरचा राग पुन्हा वर आला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली तरी.

लेकीची कूस उजवेपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा तुमचा नेम. माझी कूस उजवली नाही आणि तुम्ही नेम सोडला नाहीत. नेमाला नावं ठेवणारी मी नव्हे. संकष्टीला चंद्र दिसल्याशिवाय मीही घोट घेत नाही. पण तुम्ही नेमाचं नाव कधी काढलंच नाहीत. दर पत्रात एकच ओळ, "अंतर फार आहे, बाई." सासूबाई विचारत, तुझे वडील कसे येत नाहीत? मी म्हणे, लांब पडतं हो त्यांना.

एकदा इकडे कुणाच्या लग्नाला आलात तेव्हा निरोप धाडलात, यशवंतपूर स्टेशनवर भेट. मी सोवळ्यात पाटवड्या करून आणल्या होत्या. डबा तुम्ही बाकावर ठेवलात, झाकणाला हातही लावला नाहीत. आमचे हे म्हणाले, "बाबा, स्वल्प कॉफी तरी घ्या. घरची नाही, स्टेशनवरची आहे." तुम्ही हसलात. "पैसे जावयाचेच ना!" ऊन रखरखत होतं. मी भरलेला पेला धरून उभी, आणि तुम्ही उठून फलाटावरच्या नळाला ओंजळ लावलीत. तो नळ अजून दिसतो मला.

मी मॅट्रिकच झालेली, पण घरचा हिशोब रोज लिहिते. काल वेळेचा मांडला. सकाळची पूजा, जेवण आटोपून निघायचं, पावणेदोन तास विमान, दोन तास गाडी, इथे तासभर माझ्यासमोर बसायचं, दिवेलागणीनंतर परत. घोटभर पाणी न पिता जमलं असतं. तुमचा नेमही राहिला असता. पोरगी सहज बोलून गेली, "आजोबांना माझे बाबा विमानाचं तिकीट काढून देत होते, ते नको म्हणाले." म्हणजे अंतर नव्हतंच, बाबा. वांझ लेकीचा उंबरा होता.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा दादाचा फोन आला. "विमानाने ये, संध्याकाळच्या आत पोचशील. सारखे दाराकडे बघतायत." आमचे हे तिकीट काढायला निघालेसुद्धा. मी अडवलं. म्हटलं, विमानात सोवळं-ओवळं राहत नाही, मी रेल्वेनेच जाईन. दिवसभर आणि रात्रभर खिडकीशी बसून होते, हातात जपमाळ, आणि मनात एकच, बघा वाट. एक रात्र तरी बघा.

पोचले तेव्हा अंगणात बांबू आले होते. दादाने पळी हातात दिली, "तुझ्या हातचं पाणी घाल." घातलं. ओठांवरून गालावर ओघळलं, उशीत जिरलं. तेही तुम्ही घेतलं नाहीत.

हा कागद देव्हाऱ्यात पोथीखाली ठेवते. दुसरीकडे कुठे धाडणार? दादाला तेव्हा मी सांगितलं होतं, विमान भरलेलं होतं. मी विचारलंच नव्हतं, बाबा.