दोरी अजून चांगली आहे

३ मार्च, सोमवार
सासऱ्यांना पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी तळ्यावर न्यायचं ठरलं. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून ते खिडकीशी बसून असतात. हसणं तर बंदच. डॉक्टर म्हणाले, उजवा हात चालता ठेवा. सासरे म्हणाले, मग माझा गळ द्या. बायकोने त्यांचा रॉड माझ्याकडे सोपवला आणि बजावलं, रिळावरची दोरी तेवढी बदल, दोन वर्षं झाली. बरोबर माणसाला सांगितलं. घरात दुसरं जाणकार आहे कोण?

५ मार्च
दोरी तपासली. गळाचं सामान विकणारा दुकानदार म्हणतो, नखांतून ओढून बघा, खरखर लागली की बदला. खरखर लागली. पण माझं नखच तुटलेलं होतं. नख कापलं. आजचं काम एवढं पुरे.

८ मार्च, सकाळी
दोरी सैल सोडली की वेटोळी घालून बसते. दुकानदाराच्या मते ही म्हातारपणाची खूण. मला तिच्यात अजून दम दिसतो. जुनं ते सोनं. त्याला काय, नवी खपवायची आहे.

११ मार्च
झालं का, असं बायकोने विचारलं. होत आलंय म्हणालो. खोटं नाही, मनाची तयारी निम्मी झाली आहे. उद्या उजाडताच दुकानात.

१२ मार्च
दुकान उजाडताच उघडत नाही.

१४ मार्च
आज दुकानाची सुट्टी. मी गेलो होतो, याची नोंद असावी. परत येताना युक्ती सुचली. दोरी उलटवायची! आतलं न वापरलेलं टोक बाहेर, झिजलेलं आत. गेल्या वर्षी हेच केलं होतं, झकास जमलं होतं. हॉलभर दोरी पसरली, खुर्च्यांच्या पायांत अडकली, सोडवली, उलटी भरली. मग मनात आलं, गेल्या वर्षी आत गेलेलं झिजलेलं टोक आज पुन्हा बाहेर तर नाही ना आलं? विचार करायला बसलो तर डोकं दुखायला लागलं. एवढ्या खोलात जाणाऱ्याच्या गळाला मासे लागत नाहीत. बायकोला सांगितलं, बदलली. ती इतकी खूश झाली की पुढे काही बोलवेना.

१६ मार्च, रविवार, संध्याकाळी
सासरे सकाळी सगळ्यांच्या आधी टोपी घालून तयार. तळ्यावर तासाभरात मोठा मासा लागला. रीळ करकरलं आणि सासरे हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा. बायको पाठ फिरवून डोळे पुसत होती. त्यांचा उजवा हात रॉड सोडत नव्हता. मग दोरी तुटली. फार जोराची ओढ नव्हतीच.

जावईबापू, दोरी नवी होती ना, त्यांनी विचारलं. बायको माझ्याकडे बघत होती. नवीकोरी, म्हणालो. ते हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, म्हणजे हातातच राम राहिला नाही, रॉड आता तुम्हीच ठेवा.

तुटेपर्यंत ताणू नये, हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. मलाच वाईट वाटतंय. जेवलो नाही. म्हणजे थोडंच जेवलो.

१९ मार्च
सासरे हाताचा व्यायाम करत नाहीत. चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने उचलतात. बायको म्हणते, बाबांनी हायच खाल्ली. उद्या त्यांना खरं सांगून टाकतो. कसं सांगायचं ते ठरवलं. सुरुवात दुकानाच्या सुट्टीपासून.

२० मार्च
सासऱ्यांचा डोळा लागला होता. झोपमोड बरी नव्हे.

२२ मार्च
नवी दोरी आणली. ओल्या फडक्यातून ताणून धरत रिळावर भरली. बायकोने चहा टाकला होता, तो उकळायच्या आत काम संपलं. एवढंच होतं ते.

रॉड घेऊन सासऱ्यांच्या खोलीत गेलो. सांगायला तोंड उघडलं. निघालं ते एवढंच, की आज हवा बरी आहे. त्यांनी डाव्या हाताने दोरी नखांतून ओढून पाहिली. छान भरलीत, म्हणाले, तुम्हाला पुष्कळ दिवस पुरेल.